सिद्दीचा हत्ती, आर्टचा घोडा

चिपळूणजवळ परशुरामाचा डोंगर आहे. घाटातल्या वळणावर उभं राहिलं की खाली वाशिष्ठी दिसते आणि तिच्या काठचा गोवळकोट. तीनशे वर्षांपूर्वी डोंगरावर देव होता आणि कोटात सिद्दी. देवळाचा कारभार ब्रह्मेंद्रस्वामींकडे. आंग्रे आणि जंजिऱ्याचे सिद्दी एकमेकांचे हाडवैरी, पण स्वामींचा शब्द दोघांकडे चालायचा. देवाला पेढे गाव इनाम मिळालं, तेही सिद्दीकडूनच.

गोवळकोट आणि अंजनवेल सांभाळणारा सरदार सिद्दी सात. त्याला सावनूरच्या नवाबाकडून एक हत्ती मिळायचा होता. स्वामी कर्नाटकात गेलेलेच होते, म्हणून हत्ती आणायचं काम त्यांच्याकडे आलं. हत्ती निघाला, सह्याद्री उतरू लागला, आणि वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो धरून नेला. स्वामींचा त्यात काही हात नव्हता.

सिद्दी सातानं मात्र मनाशी पक्कं केलं की स्वामींनीच हत्ती परस्पर आंग्र्यांना दिला. विचारपूस नाही, खातरजमा नाही. १७२७ सालची महाशिवरात्र होती. त्या उपवासाच्या दिवशी त्याची माणसं डोंगर चढून आली. देऊळ फोडलं, लुटलं. ब्राह्मणांचे हाल करून पैसाअडका कुठे पुरलाय ते विचारलं. त्या बिचाऱ्यांचा हत्तीशी काय संबंध? कुणी अभिषेकाचं पाणी भरणारा, कुणी बेल खुडून आणणारा. राग एका माणसावर होता आणि वसूल केला तो सगळ्या देवस्थानाकडून. एकाच्या अपराधासाठी सगळ्यांना धरणं हा अन्याय आहे, आणि इथे तर तो एक माणूसही अपराधी नव्हता.

पुढे स्वामींनी आंग्र्यांकडून हत्ती सोडवला आणि सिद्दी साताकडे पोचता केला. लूटही बरीचशी परत आली, असं सांगतात. पण स्वामींचं मन तिथे रमेना. ते घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला जाऊन राहिले.

सिद्दी सातानं रागाच्या भरात जे केलं, ते त्याच काळात आयर्लंडमध्ये कायदा करून चाललं होतं. तिथली रयत बहुतेक कॅथलिक, सत्ता प्रोटेस्टंटांची. कॅथलिक राजा जेम्सच्या बाजूनं लढलेले १६९१ साली हरले, आणि शिक्षा झाली ती साऱ्या कॅथलिकांना, न लढलेल्यांनाही. शस्त्र बाळगायचं नाही, शाळा काढायची नाही, जमीन विकत घ्यायची नाही. पाच पौंडांहून किमती घोडा ठेवायचा नाही. कुणा प्रोटेस्टंटानं पाच पौंड पुढे केले की घोडा त्याच्या हवाली करायचा. कॉर्क परगण्यातला आर्ट ओ'लिअरी ऑस्ट्रियाच्या फौजेत चाकरी करून घरी परतला होता. त्याच्या उमद्या घोड्यावर मॉरिस नावाच्या अधिकाऱ्याची नजर गेली. त्यानं पाच पौंड देऊ केले. आर्टनं ते घेतले नाहीत. १७७३ च्या मे महिन्यात त्याला गोळी घातली. घोडा एकटाच घरी आला, खोगिरावर रक्त. आर्टची बायको आयलीन हिनं केलेला विलाप आयरिश माणसं आजही म्हणतात. १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडून देणारा डॅनियल ओ'कॉनेल हा तिचाच भाचा.

आता परशुरामाची गोष्ट ऐकून कुणी पटकन म्हणून जाईल, ‘सिद्दी म्हटले की सगळे सारखेच!’ त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की बाबा रे, सिद्दी सातानं याहून वेगळं काय केलं? त्यानंही एकाचा हिशेब सगळ्यांच्या माथी मारला. पेढ्याचं इनाम देणारा हात कुणाचा होता, ते आठव.

आयर्लंडमध्येही असे हात होते. कॅथलिकांना जमीन घेता येत नव्हती, तेव्हा काही प्रोटेस्टंट शेजाऱ्यांनी ती आपल्या नावावर करून ठेवली. कागदावर मालक हे, पण उत्पन्न जायचं खऱ्या धन्याच्या घरात. कुणी प्रोटेस्टंटानं चहाडी केली, तर ती जमीन कायद्यानं त्या चहाडखोरालाच मिळायची, एवढी मोठी लालूच होती. तरी त्या शेजाऱ्यांनी शब्द पाळला, आणि त्यांच्या भरवशावर कित्येक कुटुंबांची शेतं पुढच्या पिढीपर्यंत टिकली.