दुसऱ्याच्या शब्दाला दिलेले रूप

बोलणे एकाचे आणि त्या बोलण्याचा चेहरा घडवणारा दुसराच, अशी विभागणी आपल्या काळात जितकी सर्रास झाली आहे तितकी ती पूर्वी क्वचितच होती. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, स्थानकावरील पाटी, निवडणुकीचे चिन्ह, तांदळाच्या पिशवीवरील चित्र, पतसंस्थेचे माहितीपत्रक, लग्नाची पत्रिका, या प्रत्येकामागे सांगणारा एक असतो आणि ते सांगणे लोकांच्या डोळ्यांत भरेल, मनात उतरेल असे रूप त्याला देणारा निराळा असतो. या दुसऱ्या माणसाच्या शिक्षणाला आज कलामहाविद्यालयांत ‘कम्युनिकेशन डिझाइन’ म्हणतात. आमच्या लहानपणी ‘कमर्शियल आर्ट’ हा शब्द कानांवर पडे; ‘उपयोजित कला’ हे त्याचे शिष्टसंमत मराठी नाव. नाव कोणतेही घ्या, त्याखाली एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे.

आमच्यापुढे तो प्रश्न आला भोरलगतच्या उत्रोली गावी, एका घरात. भाताचा हा मुलूख. पावसाळ्यात सारे शिवार पाण्याने भरलेले. त्या घरातील मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेली, बारावी झालेली, आणि हाच विषय शिकायचा असा तिचा निश्चय. वडिलांचे प्रश्न कोणत्याही बापाने विचारावेत असेच होते : खर्च किती, राहायचे कुठे, पुढे नोकरी लागेल का? त्यांची उत्तरे देणे फारसे अवघड नव्हते. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा आहे. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, मुंबईत सर ज. जी. आहे, पवईच्या आय. आय. टी. मध्येही २०१५ पासून डिझाइनची पदवी घेता येते, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी आणि कठीण. खासगी संस्थांचा खर्च लाखांच्या घरात जातो. पण कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या आजीबाईंनी मध्येच विचारले, “म्हंजे फादर, दुसऱ्याचं बोलणं नटवून द्यायचं काम? आन् ते खोटं निघालं तर पाप कुणाचं?”

वडिलांच्या प्रश्नांना माहिती पुरेशी होती. आजीबाईंच्या प्रश्नासाठी हा लेख लिहावा लागत आहे.

प्रथम ‘नटवणे’ या शब्दाविषयी. रूप म्हणजे शब्दावर मागाहून चढवलेला दागिना, अशी त्यामागे समजूत आहे. ती खरी नाही, याचा पुरावा आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि पुढे त्यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत! मराठी ओवी, मराठी वळण, मराठी मन. आणि अक्षरे मात्र परकी. कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. फादरांना याची खंत होती. १६०८ साली आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भूमीच्या भाषेत आणि याच भूमीच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी तळमळ व्यक्त केली आहे. अडचण साच्यांच्या संख्येची होती. युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरत, तर येथे जोडाक्षरांसह सहाशेंच्या आसपास लागतील असा हिशेब होता. तमिळ लिपीचे खिळे तोवर पाडले गेले होते आणि त्यात १५७८ साली पुस्तकही निघाले होते. आपल्या अक्षरांना मात्र तो योग आला नाही. परिणामी रोमन लिपी न शिकलेला मराठी माणूस ते छापील पुस्तक हाती घेऊनही वाचू शकत नव्हता. शब्द पूर्ण होता, रूप नव्हते, आणि म्हणून तो शब्द असंख्य दारांबाहेर उभा राहिला. रूप देणे म्हणजे नटवणे नव्हे, ते शब्दाला दाराच्या आत नेणे आहे, हे येथे स्पष्ट होते.

ही विद्या महाराष्ट्रात रीतसर शिकवली जाऊ लागली ती बऱ्याच उशिरा. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा उभी राहिली; तिच्यात व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला १९३५ साली, आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. १९६९ साली पवईला औद्योगिक संकल्पन केंद्र निघाले. ज. जी. त शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले र. कृ. जोशी या केंद्रात अध्यापक झाले. भारतीय लिप्यांच्या वळणांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. संगणकावर मराठी उमटू लागली तेव्हा ‘मंगल’ नावाची जी देवनागरी अक्षरे ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर घरोघरी आणि कचेरीकचेरीत पोहोचली, ती त्यांनी घडवलेली. २००८ साली ते वारले. आज कोट्यवधी लोकांनी त्यांच्या हाताची अक्षरे वाचलेली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही. या व्यवसायात नाव न उरणे हीच पुष्कळदा काम उत्तम झाल्याची खूण असते.

या वर्गांत शिकवतात तरी काय? आरंभी रेषा, रंग, निसर्गचित्रण, अक्षरलेखन. पुढे मुद्राक्षरे, वेष्टणे, छायाचित्रण, जाहिरातीची सबंध मोहीम. पण या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : वाचणारा कोण? तो चालत्या बसमधून वाचणार आहे की हातात धरून? त्याला चष्मा आहे का? त्याला अक्षरओळख तरी आहे का? देवनागरीतील ‘ख’ जुन्या वळणाने लिहिला तर ‘रव’ असा वाचला जातो आणि ‘खाना’चा ‘रवाना’ होतो. म्हणून लिपीसुधारकांनी त्याचे दोन भाग खालून जोडून घेतले. एका अक्षराच्या पायथ्याशी दिलेली एवढीशी गाठ. पण ती देणाऱ्याने आपल्यासमोर नसलेल्या, कधी न भेटणाऱ्या वाचकाचा विचार केलेला असतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. चित्रचिन्हे नसती तर मताचा अधिकार कागदावरच राहिला असता. शेजाऱ्याची इतकी बारीक चौकशी करायला लावणारी विद्या फार थोडी असेल.

आणि नेमके येथेच आजीबाईंच्या प्रश्नाचे दुसरे अंग सुरू होते.

या क्षेत्रातील मंडळींशी बोलताना एक उत्तर हमखास ऐकू येते : “आम्ही फक्त रूप देतो, मजकूर गिऱ्हाईकाचा.” हे उत्तर नवे नाही. संत अगस्तीन मिलान शहरी वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. शब्दांनी मन वळवण्याची विद्या ते पगार घेऊन शिकवत. ३८६ साली त्यांनी ती नोकरी सोडली, आणि आपण शब्दांचा व्यापार करत होतो असे पुढे कडवटपणे लिहिले. परंतु वार्धक्यात, बिशप झाल्यावर, त्यांनीच याच विद्येची बाजू मांडली : वक्तृत्व सत्याच्याही कामी येते आणि असत्याच्याही, मग खोटे बोलणाऱ्यांनी ती कला वापरावी आणि खरे बोलणाऱ्यांनी मात्र अडखळत, कंटाळवाणे बोलावे, हा कोणता न्याय? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि या विषयाकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना तो आम्ही नेहमी सांगतो. तरीही तो आम्हांला अर्धाच पटतो. कला हे हत्यार आहे आणि दोष वापरणाऱ्याचा, असे म्हटले की हत्यार घडवणारा मोकळा सुटतो. येथे तर घडवणारा स्वतःच ते चालवत असतो.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना शिडी धरणाऱ्या नोकराचे उदाहरण आम्ही सर्वांनी पाठ केले होते. धनी परक्या घराच्या खिडकीतून दुष्कृत्यासाठी आत शिरतो. नोकर त्याच्यासाठी शिडी आणतो, खांदा देतो. नोकरी जाईल या भीतीने त्याने ते केले, तर तो दोषी आहे काय? तो गंभीर दोषाचा धनी नाही, असे मत काही पंडितांनी मांडले होते. १६७९ साली अकराव्या इनोसंट पोपमहोदयांनी ते त्याज्य ठरवले. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी या प्रश्नाची अधिक बारकाईने फोड केली. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात मनाने सामील होणे वेगळे आणि केवळ हाताने साहाय्य घडणे वेगळे. हाताच्या साहाय्यातही ते किती जवळचे, किती आवश्यक आणि किती मोठ्या कारणासाठी होते, हे पाहावे लागते.

आता हे माप तांदळाच्या पिशवीला लावून पाहू. भोर, मावळ, मुळशीकडच्या शेतकऱ्याला आंबेमोहोराचे महत्त्व सांगायला नको. दाणा आखूड, सुवास मोहोरासारखा, उतारा मात्र कमी. म्हणून पुष्कळांनी इंद्रायणीकडे मोर्चा वळवला. दुसरेच तांदूळ आंबेमोहोराच्या नावाने बाजारात विकले जातात, ही तक्रारही जुनी आहे. समजा, आपल्या या मुलीला शिक्षण संपवून पहिलेच काम मिळाले ते अशा पिशवीचे. गिऱ्हाईक सांगते, मागे सह्याद्रीचा डोंगर दाखवा, आंब्याची मोहोरलेली फांदी दाखवा, नऊवारीतली बाई भात झोडताना दाखवा. अक्षरे जुन्या वळणाची हवीत. आत काय भरणार हे तिला ठाऊक आहे. पिशवीवर खोटे असे एकही वाक्य नाही. ‘आंबेमोहोर’ हा शब्दसुद्धा नसेल; फांदी तेवढी आहे.

मालाचा कारकून म्हणू शकेल, मी फक्त वजन केले. ट्रकचालक म्हणेल, मी पोहोचवले. या मुलीला मात्र तसे म्हणता येत नाही. कारण ती फांदी पाहून पुण्याच्या पेठेतील बाई काय समजेल, हे ओळखणे हीच तिची विद्या आहे. ते ओळखण्यासाठीच तिने चार वर्षे घालवली, आणि ते ओळखता येते म्हणूनच तिला पैसे मिळतात. शिडी धरणाऱ्याला खिडकीमागे काय आहे याचे कदाचित अज्ञान असेल. हिला ते अज्ञान पुढे करता येणार नाही. वाचणारा काय मानेल हे जिने ठरवले, ती त्या मानण्याला उत्तरदायी आहे. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा केवळ जिभेपुरती नाही. मोहोरलेली फांदीही साक्ष देते. जाहिरातीच्या नीतीविषयी १९९७ साली व्हॅटिकनमधून एक निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी या तीन कसोट्या सांगितल्या आहेत. तिन्हींत जाहिरातदाराबरोबर जाहिरात घडवणाराही येतो, असे आम्ही समजतो.

मात्र हे उत्तरदायित्व अमर्याद नाही. १९६० च्या दशकात कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोणाचे चिन्ह निघाले. त्या कार्यक्रमातील साधनांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका १९६८ च्या परिपत्रकातून सर्वांना ठाऊक आहे; ती चर्चा येथे नको. चिन्ह म्हणून मात्र ते अजोड होते. उलटा त्रिकोण, एकच रंग, भिंतीवर कोणत्याही रंगाऱ्याला काढता येईल असा, आणि निरक्षरालाही दुरून ओळखता येणारा. नंतर आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी कितीतरी बळजबरीच्या. तोच त्रिकोण पाहून खेड्यापाड्यांतील पुरुष रानात पळू लागले. चिन्ह काढणाऱ्याने हे कसे जाणावे? जे काढताना समोर होते आणि जे ताडता येण्याजोगे होते, तेवढ्याचाच जाब त्याला विचारता येतो. पिशवी आणि त्रिकोण यांत फरक आहे तो हाच.

सिगारेटच्या पाकिटावर तर हा सारा वाद एकाच पुठ्ठ्यावर पाहायला मिळतो. २००९ पासून त्यावर सचित्र इशारा सक्तीचा झाला. २०१६ पासून तो दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापतो. उरलेल्या पट्टीत कंपनीचा चित्रकार सोनेरी रेघ, डौलदार अक्षरे बसवतो. दोघे कदाचित एकाच वर्गात शिकलेले असतील. सडलेल्या तोंडाचे ते चित्र पाहवत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना आम्ही सांगतो, ते पाहवू नये म्हणूनच काढले आहे.

आता अवघड भाग. शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन मुंबईत दहा जणींबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलीने पहिलेच काम नाकारावे, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. लिगोरींचे ‘मोठे कारण’ येथे खरेच उभे असते : पोट, कर्जाचा हप्ता, घरी वाट पाहणारे वडील. आम्ही तिला नोकरी सोड म्हणणार नाही. फांदीऐवजी भाताची लोंबी सुचवून पाहा, पिशवीवर वाणाचे खरे नाव स्पष्ट वाचता येईल एवढ्या आकारात घालू द्या असे एकदा तरी विचारून पाहा, हे मात्र जरूर म्हणू. पुष्कळ खोटी रूपे आग्रहाने नव्हे, तर कोणीच विचारले नाही म्हणून छापली जातात. दोनदा विचारूनही ऐकले नाही, तर मग तिसऱ्या कामाच्या शोधात राहावे.

आणि गिऱ्हाईक कोण, हेही विसरून चालणार नाही. ही कामे सांगणारे सगळेच मोठे कारखानदार नसतात. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही दुकाने चालवतात, शाळांची पत्रके काढतात, पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर बसतात, सणाला फलक लावतात. ठेवीच्या पत्रकावर व्याजाचा दर बोटाएवढ्या आकड्यांत आणि अटी मुंगीएवढ्या अक्षरांत छापा असे सांगणारा आपल्याच बाकावरचा कोणीतरी असतो, आणि ते पत्रक घेऊन भिंगाखाली धरणारी विधवाही त्याच बाकावर असते. चित्रकाराने “काका, अटींची अक्षरे जरा मोठी करू का?” असे विचारले, तर त्याला जागा वाढते, खर्च वाढतो असे उत्तर मिळते. हिशेब करून पाहिला तर बहुधा एक पान वाढते.