लपलेले तेच खरे काय?

एखादा माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचे तर त्यालाच विचारावे, की त्याच्या नकळत त्याला मोजावे, हा प्रश्न मानसशास्त्राची पाठ आरंभापासून सोडत नाही. विचारणे हा सरळ मार्ग होय. ‘अनोळखी माणसांत मला संकोच वाटतो’ अशा विधानापुढे पाच किंवा सात पायऱ्यांची श्रेणी मांडावी आणि उत्तर देणाऱ्याने स्वतःला लागू पडेल त्या अंकावर खूण करावी. व्यक्तिमत्त्वाच्या बहुतेक प्रश्नावल्या आजही याच रीतीने चालतात. या रीतीमागे एक गृहीत आहे. माणूस स्वतःला ओळखतो आणि जे ओळखतो ते सांगायला तयार असतो, हे ते गृहीत. त्याच्या दोन्ही भागांविषयीचा संशय फार जुना आहे. माणूस इतरांना फसवतो हे व्यवहाराने शिकवले. तो स्वतःलाही फसवतो हे नीतिविचाराने. मानसशास्त्राने या दुसऱ्या संशयाच्या हाती एक उपकरण दिले.

ते उपकरण म्हणजे घड्याळ. मनोव्यापारांना लागणारा वेळ मोजता येतो हे १८६८ साली डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी दाखवले. १८७९ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ७५ शब्दांची यादी करून एकेका शब्दासरशी स्वतःच्या मनात काय उमटते आणि किती वेळात उमटते याची नोंद प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिच येथे कार्ल युंग यांनी १०० शब्दांची यादी रुग्णांपुढे ठेवली. ज्या शब्दावर उत्तर अडखळे, तेथे काहीतरी दडलेले आहे असे ते मानीत. पुढे १९२१ साली हेर्मान रोर्शाक यांचे शाईचे दहा डाग आले, १९३५ साली मॉर्गन आणि मरे यांची चित्रे आली. साधने बदलली, पण श्रद्धा तीच राहिली: बोललेल्या शब्दापेक्षा निसटलेली खूण अधिक विश्वासार्ह.

या श्रद्धेला १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांच्या लेखाने नवे बळ दिले. त्यांनी वर्णिलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे पायमोज्यांचे चार जोड मांडून उत्तम कोणता ते विचारले. चारही जोड अगदी सारखे होते. पुष्कळांनी सर्वांत उजवीकडचा निवडला. कारण विचारता विणीची, पोताची कारणे सांगितली. जागेचा उल्लेख कोणीही केला नाही. ही माणसे खोटे बोलत नव्हती. स्वतःच्या कृतीचे कारण ठाऊक नसताना त्यांनी पटण्याजोगे कारण रचले आणि त्यावर स्वतःही विश्वास ठेवला.

१९९५ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या महजरीन बानाजी यांनी अशी मांडणी केली, की अभिवृत्ती, आत्मसन्मान आणि साचेबंद समजुती यांचा एक अव्यक्त थर असतो. गतानुभवाचे ठसे तेथे काम करीत असतात. अंतर्मुख होऊन पाहणाऱ्याला मात्र ते नीट ओळखता येत नाहीत. १९९८ साली ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा थर मोजणारी ‘अव्यक्त साहचर्य चाचणी’ प्रसिद्ध केली. आरंभीच्या प्रयोगांत फुले आणि कीटक होते, तसेच गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांची नावे होती. थोड्याच काळात तिचा रोख माणसाच्या स्व-संकल्पनेकडेही वळला.

तिची रीत साधी आहे. पडद्यावर एकामागून एक शब्द येतात. ‘मी’ या अर्थाचे आणि ‘लाजाळू’ या अर्थाचे शब्द आले तर डावी कळ दाबायची. ‘इतर’ आणि ‘धीट’ या अर्थाचे आले तर उजवी. नंतर जोड्या बदलतात. ‘मी’ आणि ‘धीट’ एका कळेवर येतात. ज्याच्या मनात स्वतःची सांगड लाजेशी घट्ट बसलेली आहे, त्याचा हात पहिल्या मांडणीत झरझर चालतो आणि दुसरीत अडखळतो. या दोन वेगांतला फरक, सेकंदाच्या सहस्रांशांत मोजलेला, हे त्याच्या अव्यक्त स्व-संकल्पनेचे माप. त्याला काही विचारलेले नसते, त्यामुळे काही लपवण्याची संधीही त्याला फारशी मिळत नाही.

२००२ साली आसेनडॉर्फ, बान्से आणि म्यूके या जर्मन संशोधकांनी लाजाळूपणाची प्रश्नावली आणि ही चाचणी शेजारी ठेवून पाहिली. संकोच वाटावा अशा प्रसंगात माणसांना बसवून त्यांच्या वागण्याचे निरीक्षण केले. निष्कर्ष विचार करण्याजोगा होता. माणूस किती वेळ बोलेल, म्हणजे जे वागणे त्याच्या ताब्यात असते, त्याचा अंदाज प्रश्नावलीने दिला. शरीर किती ताठरेल, म्हणजे जे आपोआप घडते, त्याचा अंदाज चाचणीने दिला. दोन्ही मापे खरी ठरली. ती एकाच गोष्टीची मात्र नव्हती.

लोकांच्या बोलण्यात या निष्कर्षाचे रूप पालटते. प्रश्नावली हा मुखवटा आणि चाचणी हा चेहरा, असे समीकरण मांडले जाते. ते तपासण्यासाठी एक बुजरा माणूस कल्पावा. सभेत उभे राहताना त्याचे खांदे आखडतात, ओठ कोरडे पडतात. तरी मुद्दा पुरा होईपर्यंत तो बोलतो. आपण फारसे संकोची नाही असे तो प्रश्नावलीत नोंदवतो. चाचणी त्याला संकोची ठरवते. आखडलेले खांदे तेवढे खरे आणि बोललेली दहा मिनिटे देखावा असे मानले, तर धैर्याला माणसात कोठेच जागा उरत नाही. ज्याला भीती शिवतच नाही त्याच्या बोलण्याला कोणी धैर्य म्हणत नाही. खांदे आणि शब्द यांच्यामधल्या अंतरातच धैर्याचे घर आहे.

नम्रतेचेही असेच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, चीन आणि अमेरिका येथील विद्यार्थ्यांची तुलना होती. प्रश्नावलीत जपानी विद्यार्थी स्वतःविषयी हात राखून बोलले. अव्यक्त मापाने मात्र तिन्ही देशांत माणसाचे स्वतःवरचे प्रेम ठळक दिसले. मग ती नम्रता ढोंग ठरली काय? ‘गरिबाच्या घरी चार घास घ्या’ असे म्हणणारा यजमान आपल्या मिळकतीचा दाखला देत नसतो. समोरच्याला मोठेपणा देण्यासाठी तो स्वतः जागा सोडून बाजूला सरकतो. ते सरकणे ही त्याची कृती आहे, आणि कृतीला खरे-खोटे ठरवण्याची कसोटी वर्णनाच्या कसोटीहून वेगळी असते.

अमेरिकन तत्त्ववेत्ते रिचर्ड मोरान यांनी २००१ साली केलेला भेद येथे उपयोगी पडतो. माणूस स्वतःविषयी काही गोष्टी शोधून काढतो, आणि काही गोष्टी ठरवून आपल्याशा करतो. ‘मी येईन’ असे वचन देणारा स्वतःच्या वर्तनाचे भाकीत करीत नाही. तो बांधला जातो. स्व-संकल्पनेतली कितीतरी विधाने या जातीची असतात. सहस्रांश मोजणारी चाचणी शोधण्याजोगा भाग शोधील. बांधून घेण्याचा भाग तिच्या तराजूत मावत नाही.

तथापि या युक्तिवादाचा आडोसा करणेही तितकेच सोपे आहे. ‘सर्व माणसे समान’ असे मनापासून मानणाऱ्याचा हात चाचणीत एका जमातीच्या नावांवर अडखळला, तर ‘माझा सिद्धांत हाच खरा मी’ असे म्हणून तो सुटू शकत नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या उमेदवाराला त्याचा सिद्धांत भेटत नाही. त्याला भेटते ती चुकवलेली नजर, आखूड झालेला प्रश्न, किंचित थंड स्वर. आपोआप घडणाऱ्या वागण्याचे घाव दुसऱ्यालाच सोसावे लागतात. आपण न निवडलेल्या संस्काराबद्दल माणूस दोषी नसेल. त्या संस्काराच्या परिणामांना तो उत्तरदायी मात्र असतो. वारशात घराबरोबर कर्जही येते, आणि ते आपण काढले नाही म्हणून धनको परत जात नाही.

चाचणीकडून किती अपेक्षावे, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. २००० साली बॉसन, स्वॉन आणि पेनेबेकर यांनी अव्यक्त आत्मसन्मानाची अनेक मापे एकत्र तपासली, तेव्हा त्यांचा परस्परांशी फारसा मेळ बसला नाही. लेखाच्या शीर्षकातच त्यांना हत्ती चाचपणारे आंधळे आठवावे लागले. एकाच माणसाची चाचणी काही काळाने पुन्हा घेतली असता दोन निकालांतला सहसंबंध सुमारे ०.५ भरतो. समूहाचा कल पाहायला तो पुरेल. एका माणसाचा निवाडा करायला पुरणार नाही. २०१९ साली सुमारे ५०० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अव्यक्त माप बदलले म्हणून वर्तन बदलते असे त्यात दिसले नाही. नोकरीसाठी माणसे निवडताना ही चाचणी वापरू नये, असे तिच्या निर्मात्यांनीच बजावले आहे. ज्याला आपण ‘अंतरंग’ म्हणतो त्याचा कौल या चाचणीतून मिळतो असे समजणे, हे शास्त्राला न मागितलेला अधिकार देण्यासारखे आहे.

मग या मापाचा नैतिक उपयोग कोणता? त्याचे उत्तर एका जुन्या, साध्या रिवाजात सापडते. सार्वजनिक परीक्षांच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावाऐवजी क्रमांक असतो. परीक्षक अप्रामाणिक आहेत असा आरोप त्यामागे नसतो. उत्तम परीक्षकाच्या डोळ्यांनाही आडनाव दिसते, आणि दिसलेले आडनाव हातातल्या लेखणीपर्यंत पोचू शकते, एवढेच तेथे मान्य केलेले असते. प्रामाणिक परीक्षकाला हा रिवाज अपमानास्पद वाटत नाही; उलट आपल्या निर्णयाला तो आधार वाटतो. स्वतःविषयीचे अव्यक्त माप माणसाने असेच स्वीकारावे. ते आपले खरे नाव आहे असे समजू नये आणि ते परके आहे असेही म्हणू नये; जेथे आपला हात अडखळतो तेथे आधीच एखादी व्यवस्था करून ठेवावी. अशी व्यवस्था करण्याचा निश्चय सहस्रांश सेकंदात होत नाही. त्याला वेळ लागतो, आणि तो माणसालाच करावा लागतो.