युक्ताहार आणि उद्योजकाचे ताट

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात आलेला 'युक्ताहार' हा शब्द पथ्याच्या यादीपुरता नाही. ज्याचा आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण प्रमाणात असते त्याचाच योग दुःखहारक होतो, असे तेथे सांगितले असल्यामुळे अन्नाचा प्रश्न कामाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. हठप्रदीपिकेतील 'मिताहार', म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून शिवप्रीत्यर्थ केलेले स्निग्ध, मधुर भोजन, ही मर्यादा मापातच सांगतो. व्यग्र उद्योजकाच्या डब्यातील ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण आणि ताक सात्त्विकच असते. परंतु फोन कानाशी धरून एका हाताने तुकडा मोडेपर्यंत भाकरीचा पापुद्रा गार होऊन चिवट झालेला असतो आणि वरण आळलेले असते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे हे व्रत मानले आहे, आणि जेवताना अन्नाकडे लक्षच नसणे हीदेखील, खेदाने म्हणावे लागते, निंदाच होय. देहाला केवळ धंद्याचे साधन मानून खाल्लेले भिजवलेले बदाम किंवा घातलेले पहाटेचे सूर्यनमस्कार प्रकृती सुधारतीलही, पण त्यांना युक्ताहार-विहार म्हणता येणार नाही. कारण त्याच श्लोकात कर्मालाही तीच मर्यादा घातलेली आहे.