माळावरचे घरटे

वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर पिले घ्यावी, पण मादीस सोडून द्यावे, असा नियम अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. एवढ्या लहान गोष्टीविषयी देवाने आज्ञा का द्यावी, ह्याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ पाहिल्यापासून वाटत नाही. माळढोकाची मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. गुराचा खूर पडला की ते अंडे गेले.

त्या पक्ष्यासाठी १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. त्यात गावे, शिवारे, सर्वच आली. जमिनीचे व्यवहार अडले, काळविटे ज्वारी खातात, ही शेतकऱ्यांची तक्रार आम्ही खोटी कशी म्हणावी? पुढे क्षेत्र १,२२२ वर आणिले. परंतु आज माळढोक तेथे क्वचितच दृष्टीस पडतो.

तो नियम पुन्हा वाचा. वाटसरूने उपाशी राहावे असे तो म्हणत नाही. घेण्याची मुभा देतो, आणि मादी तेवढी मागतो. माळाकडेला नांगर धरणाऱ्या बांधवांनी कुसळी गवताची एक पट्टी ह्या पावसाळ्यात तशीच राखता येईल काय, हे घरच्या मंडळींसह बसून ठरवावे.