‘खातो, पण कामे करतो’

निवडणुका आल्या की एक वाक्य हमखास कानी पडते. ओट्यावर, बाजारात, अगदी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातसुद्धा. ‘अहो, खातो, पण कामे करतो ना!’ हे वाक्य आम्हीही उच्चारलेले आहे. उच्चारताना लाज वाटली नाही. उलट आपल्याला जग कळते, आपण व्यवहारी आहोत, असेच वाटले.

या वाक्याचा खरेखोटेपणा तपासायचा तर नुसता खाणारा पुढारी उदाहरणाला घेऊन चालणार नाही. त्याच्याविषयी आपले मत कधीच ठरलेले असते. खरोखर कामे करणारा, गरिबांविषयी मनापासून कळवळा असलेला आणि तरीही हात बरबटलेला माणूस घ्यायला हवा. असा एक महापौर अमेरिकेतील बॉस्टन शहरात होऊन गेला. तो आपल्यासारखाच कॅथलिक होता. त्याचे नाव जेम्स मायकल कर्ली.

जेम्सचा जन्म २० नोव्हेंबर १८७४ रोजी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात झाला. आईवडील आयर्लंडमधील गॉलवे परगण्यातून पोटासाठी आलेले. वडील मजुरी करत. एक जड दगड गाडीवर चढवताना ते कोसळले आणि त्यातच गेले. त्या वेळी जेम्स दहा वर्षांचा होता. आईने कचेऱ्यांच्या फरश्या घासून मुलांना वाढवले. पेढ्या, कारखाने, मोठे व्यापार हे सारे जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हाती होते आणि आयरिश कॅथलिकांना बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवले जाई. जेम्सने किराणा मालाची गाडी हाकली, रात्री वाचनालयात बसून वाचन केले, आपला आवाज आणि भाषा घडवली. आमच्या मते हा भाग विसरून त्याचा न्याय करणे बरोबर होणार नाही. ज्या समाजाला कुणी विचारत नव्हते, त्या समाजातून तो वर आला आणि वर आल्यावर त्याने त्या समाजाकडे पाठ फिरवली नाही.

बॉस्टनचे महापौरपद कर्ली यांनी चार वेळा भूषवले: १९१४ ते १८, १९२२ ते २६, १९३० ते ३४ आणि १९४६ ते ५०. मध्ये १९३५ ते ३७ ते मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. अमेरिकन संसदेतही दोनदा जाऊन आले. त्यांच्या कारकिर्दीत शहराचे सार्वजनिक इस्पितळ वाढले, गरीब वस्त्यांत खेळाची मैदाने झाली, समुद्रकिनारी स्नानगृहे बांधली गेली, रस्ते झाले. मंदीच्या काळात या बांधकामांमुळे अनेक घरांत चूल पेटली.

त्यांच्याविषयी एक हकिकत आजही सांगतात. महापौर झाल्यावर त्यांनी पाहिले की, नगरपालिकेच्या इमारतीत बाया गुडघ्यांवर बसून फरशी घासत आहेत. त्यांनी लगेच लांब दांड्याचे पुसणे आणवून दिले. बाईने गुडघे टेकावेत ते फक्त प्रार्थनेसाठी, अशा अर्थाचे ते काही बोलले म्हणतात. त्यांची स्वतःची आई आठवली की हे पुसणे साधे राहत नाही. खरे सांगायचे तर ही हकिकत वाचून त्यांना सगळे माफ करून टाकावे असे आम्हाला वाटले. ‘खातो, पण कामे करतो’ या वाक्याची ताकद नेमकी इथे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. तिची सुरुवातही दयेतूनच झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कर्ली नुकतेच राजकारणात आले होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या भागातील एका माणसाला टपाल खात्यात नोकरी हवी होती. त्यासाठी सरकारी परीक्षा होती आणि ती त्याला जमण्यासारखी नव्हती. कर्ली त्याच्या नावावर स्वतः परीक्षेला बसले. हे उघडकीस आले. १९०३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि ६० दिवसांची कैद सुनावली. यानंतर एखाद्याचे राजकारण संपले असते. पण १९०४ मध्ये कर्ली तुरुंगात असतानाच शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आले. ‘त्याने ते मित्रासाठी केले’ ही त्यांच्या समर्थकांची घोषणाच झाली. गुन्हा लपवायची गरजच उरली नाही. तोच त्यांच्या मोठ्या मनाचा दाखला ठरला.

बंधुभगिनींनो, या परीक्षेपाशी आपण थोडे थांबू या. पैसे खाल्ले नाहीत, कुणाला मारले नाही. एका गरीब, अडलेल्या माणसाला हात दिला. यात वाईट काय झाले?

त्या परीक्षेला आणखी मुले बसली असतील. त्यांच्यातही कुणी मजुराचा मुलगा असेल, कुणाची आई फरशा घासत असेल. दिवसभर राबून, रात्री दिव्यापाशी बसून त्याने अभ्यास केला असेल. त्याच्या आणि नोकरीच्या मध्ये आता कर्लींसारखा हुशार माणूस दुसऱ्याच्या नावाने बसला होता. ज्याचे काम झाले त्याला चेहरा होता. तो कर्लींच्या दारी आला होता, त्याचे डोळे त्यांनी पाहिले होते. ज्याचे नुकसान होणार होते त्याला चेहराच नव्हता. आपल्यावर अन्याय होत आहे हे त्याला स्वतःलाही कळले नसते. आपण कमी पडलो, असे समजून तो घरी गेला असता. आपले नीतिशास्त्र सांगते की, कृत्याचा हेतू चांगला असला म्हणून मुळात वाईट असलेले कृत्य चांगले ठरत नाही. हे वाक्य लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकताना कोरडे वाटायचे. त्या अनोळखी मुलाला डोळ्यांसमोर बसवले की ते कोरडे राहत नाही.

कर्लींची पुढची वाटचाल अशीच झाली. जमायकावे या देखण्या रस्त्यावर त्यांनी मोठे घर बांधले. त्याच्या खिडक्यांच्या झडपांवर आयर्लंडचे त्रिदल पान कोरलेले होते. महापौराच्या पगारात एवढे घर कसे उभे राहिले, हा प्रश्न शहरात विचारला जात राहिला. शहरावरचा एक दावा तडजोडीने मिटवताना त्यांनी गैरमार्गाने पैसा घेतला, असे १९३८ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि ४२ हजार डॉलरहून अधिक रक्कम शहराला परत करण्याचा आदेश दिला. आठवड्याला ५०० डॉलर असा हप्ता ठरला. हे पैसे फेडता यावेत म्हणून साधी माणसेही त्यांच्या दारी आपली चिल्लर घेऊन गेली, अशी आठवण बॉस्टनमध्ये सांगतात. ती खरी असेल तर शहराचे जे गेले ते शहरातल्या गरिबांनीच भरून दिले, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून.

जेरीखोच्या जक्कयाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. येशू आपणहून त्याच्या घरी उतरला एवढ्यावर ती संपत नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन, असे तो उभा राहून सांगतो. गरिबांना अर्धी मालमत्ता देणे हे त्याने वेगळे सांगितले आणि लुबाडलेले परत देणे वेगळे. आम्हाला ही तफावत फार मोलाची वाटते. दान केले म्हणून देणे फिटत नाही.

कर्लींच्या दुसऱ्या तुरुंगवासाची हकिकत अधिक दुःखद आहे. महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये एक कंपनी निघाली होती. सरकारी युद्धसामग्रीची कंत्राटे मिळवून देतो, असे सांगून ती लहानमोठ्या धंदेवाल्यांकडून आगाऊ पैसे घेई. कंत्राटे काही मिळत नसत. कर्ली त्या कंपनीचे अध्यक्ष होते. टपालाद्वारे फसवणूक केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. तो डोक्यावर असतानाच नोव्हेंबर १९४५ मध्ये बॉस्टनने त्यांना चौथ्यांदा महापौर केले! जानेवारी १९४६ मध्ये ते दोषी ठरले. अपिले संपून जून १९४७ मध्ये महापौर डॅनबरीच्या तुरुंगात गेले आणि शहराचे मुख्य लिपिक जॉन हाइन्स हंगामी महापौर म्हणून काम पाहू लागले.

कर्लींना माफी मिळावी म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे अर्ज निघाला. राज्यातील खासदारांच्या सह्या घेतल्या गेल्या. कर्लींनीच सोडलेल्या जागेवर निवडून आलेल्या एका तरुण कॅथलिक खासदाराने मात्र सही नाकारली. त्याचे नाव जॉन एफ. केनेडी. बॉस्टनच्या आयरिश मतांवर उभ्या असलेल्या तिशीतल्या मुलाला ही सही नाकारणे सोपे नसणार. या दोन घराण्यांत जुने वैर होते, हेही खरे. केनेडींचे आजोबा आणि कर्ली राजकारणातले प्रतिस्पर्धी. त्यामुळे ते केवळ तत्त्वासाठीच होते असे आम्ही म्हणणार नाही. ट्रुमन यांनी शिक्षा कमी केली आणि पाच महिन्यांनी, नोव्हेंबरअखेर, कर्ली घरी परतले. बॅन्ड वाजवून त्यांचे स्वागत झाले. कचेरीत पहिला दिवस घालवून ते वार्ताहरांना म्हणाले की, गेल्या पाच महिन्यांत झाले नाही एवढे काम आपण एका दिवसात केले. हे ऐकून शांत स्वभावाचे हाइन्स दुखावले. १९४९ मध्ये ते कर्लींविरुद्ध उभे राहिले आणि जिंकले. कर्ली त्यानंतर पुन्हा महापौर झाले नाहीत.

म्हणजे दोन तुरुंगवासांनी जे केले नाही ते एका उर्मट वाक्याने केले. लोकांनी चोरी पोटात घातली होती. कामसू माणसाचा अपमान पोटात घालता आला नाही.

लोक एवढी वर्षे गप्प का राहिले? ते मूर्ख नव्हते. रोज सकाळी कर्लींच्या दारापुढे रांग लागे. कुणाला नोकरी हवी, कुणाला इस्पितळात खाट, कुणाला मुलासाठी शब्द. कर्ली ऐकत आणि बहुतेकांचे काम करत. पण इस्पितळ शहराचे होते, नोकरीचा पगार शहराच्या तिजोरीतून जाई. जे लोकांचेच होते ते लोकांना उपकार म्हणून मिळत होते. हक्क मागणाऱ्याला हिशेबही मागता येतो. उपकार घेतलेल्या माणसाच्या तोंडून हिशेबाचा शब्द निघत नाही. आपल्याकडे दाखला, नळ, रस्त्यावरचा दिवा मिळाला की आपण ज्याचे आभार मानायला हार घेऊन जातो, त्याच्याविषयीही हेच आहे. हार घेऊन आम्हीही गेलो आहोत.

आणखी एक हिशेब फार उशिरा कळला. मते आपल्या समाजाची आणि कर दुसऱ्यांवर, असे कर्लींचे धोरण राहिले. मालमत्तेवरचे कर वाढत गेले, जुने श्रीमंत आणि त्यांचे धंदे शहराबाहेर सरकू लागले. विरोधी मतदार शहर सोडून गेला तर कर्लींचे राजकारण बळकटच होत होते. ग्लेझर आणि श्लायफर या हार्वर्डच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये यावर निबंध लिहिला आणि अशा प्रकाराला कर्लींचेच नाव दिले. कर्लींच्या उतारवयात बॉस्टन हे मरगळलेले शहर झाले होते. तिथे मागे राहिले ते मुख्यतः गरीबच. अर्थात ज्या घराण्यांनी आयरिशांना कधी दारात उभे केले नाही, त्यांच्या जाण्याबद्दल गळा काढावा असेही आम्हाला वाटत नाही.

कर्लींच्या घरावर दुःखेही फार कोसळली. नऊ मुलांपैकी सात त्यांच्या हयातीत गेली. १९५० मध्ये तर एक मुलगी आणि एक मुलगा एकाच दिवशी. त्याच वर्षी ट्रुमन यांनी त्यांना पूर्ण माफी दिली. १९५७ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘मी पुन्हा तसेच करीन’ असा होतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस ब्यूनस आयर्सला असताना पाप आणि भ्रष्टता यांत फरक करत असत. पापी माणूस पडतो, रडतो, क्षमा मागतो. भ्रष्ट माणसाला क्षमेची गरजच वाटत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कर्लींच्या पुस्तकाचे नाव वाचून आम्हाला त्याची आठवण झाली. पण पुस्तकाचे नाव बाजारासाठी असते. माणूस कुमसारात काय बोलतो ते बाजारात येत नाही आणि तिथे डोकावण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्यांनी तुरुंगातून त्याला निवडून दिले, १९४५ मध्ये पुन्हा दिले, त्यांच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या मताविषयी कधी पापनिवेदन केले असेल? आम्ही केलेले नाही. मत हे पापाच्या यादीत कधी येते, असे आम्हाला वाटलेच नव्हते.

१२ नोव्हेंबर १९५८ रोजी कर्ली वारले. राज्याच्या विधान भवनात त्यांचा देह ठेवला होता आणि दर्शनाला प्रचंड रांग लागली होती. अंत्यविधीची मिस्सा त्यांच्या मुलाने, जेज्वीट असलेल्या फादर फ्रान्सिस यांनी अर्पण केली. फॅन्युएल हॉलजवळ १९८० मध्ये कर्लींचे दोन पुतळे बसवण्यात आले. एक उभा आहे. दुसरा बाकावर बसलेला आहे, आणि शेजारी आणखी एका माणसाला बसता येईल एवढी जागा मोकळी ठेवली आहे.