अर्धा कोयता आणि शिशाचे खिळे

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. दसऱ्याच्या सुमारास बीडहून टोळी निघते तेव्हा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढणाऱ्या बाईचं नाव मुकादमाच्या वहीत असेलच असं नाही. अशा बाईला ‘तू देवाला मोलाची आहेस’ एवढं प्रार्थनासभेत ऐकवलं, की झालं?

या टोळ्या ज्या ऊसपट्ट्यात जातात, त्यातच दौंड तालुक्यातलं केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली-बायका तिथे आणल्या. पुढे पंचेचाळिशी उलटल्यावर हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतलं. छापखाना आवारातच होता आणि खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. उलट्या अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा, काना-वेलांटी जागच्या जागी बसवायची, ओळ भरायची, मुद्रितं तपासून चुका धरायच्या. दुष्काळात घरदार गमावलेल्या बाईच्या नजरेखालून देववचन जात होतं आणि त्यातली चूक दाखवायचा अधिकार तिचा होता! ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये पुरं छापून झालं.

हे सगळं निर्वेध नव्हतं. धर्मांतरावरून १८९३ मध्येच रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेवर, शारदा सदनावर, वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आसऱ्याच्या बदल्यात धर्म बदलायला लावतात का, ही शंका आजही विचारायला हरकत नाही.

पण रमाबाई स्वतःही कुणाच्या ताब्यातल्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर, ज्या वाँटेजच्या मठानं आसरा दिला तिथल्याच भगिनींशी त्यांनी त्रैक्यावरून आणि चर्चच्या आज्ञा पाळण्यावरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. स्वतः वाचून जे पटेल तेच मानायचं, हा त्यांचा हट्ट. अभ्यासानं स्वाभिमान येतो तो असा. नुसतं ऐकून येते ती भक्ती. तीही चांगलीच, पण मुकादमासमोर ती पुरत नाही.

बीडमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एवढं करून पाहावं : बायबलच्या अभ्यासवर्गात पाळकांनी अर्थ सांगण्याआधी पुस्तक एखाद्या ऊसतोड बाईच्या हाती द्यावं. अडखळू द्यावं, प्रश्न विचारू द्यावेत. पुढच्या हंगामाआधी उचलीचा कागदही तिनंच वाचावा.