सुकाणू सोडल्यावर

आंबेनळी घाटात सकाळी धुकं दाटलेलं असतं तेव्हा गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. पोलादपूरकडे उतरणारी एसटी खालच्या गिअरमध्ये असते. चालक घाई करत नाही. घाटात वेगाचं कौतुक कुणालाच नसतं. गाडी ताब्यात आहे ना, एवढंच सगळे पाहतात.

या डोंगरांचं पाणी सावित्रीला मिळतं आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जातं. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं दासगाव, महाडपर्यंत वर येत. त्यामुळे घाटात उभं राहून एखाद्या नावेचा विचार मनात आला, तर तो फार लांबचा नाही.

माझ्या मनात येते ती सुहेली. ब्रिटिशांच्या शिडाच्या नौकांत हिचं नाव मोठं आहे, पण ती आपल्या मुंबईत बांधलेली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने इंग्लंडहून टपालाने आराखडा मागवला. आला तो भलताच, 1920च्या दशकातला जुना. त्याने तोच स्वीकारला. आराखडा अमेरिकन विल्यम अॅटकिनचा, त्यामागची घडण नॉर्वेच्या बचावनौकांची, लाकूड सागवान, आणि हात मुंबईच्या सुतारांचे. वाकस आणि सामता ही त्यांची हत्यारं. 1964च्या अखेरीस नौका पाण्यात उतरली.

लांबी जेमतेम 32 फूट. पोट रुंद, अंग जड. पुढच्यासारखीच मागची बाजूही निमुळती, म्हणजे पाठीमागून येणारी लाट तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. तळाचा कणा लांबलचक. अशी नौका वळायला आळशी असते, हलक्या वाऱ्यात रेंगाळते. शर्यतीसाठी कुणी मुद्दाम निवडावी अशी ती नव्हेच.

तरीही 14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन इंग्लंडच्या फॅलमथ बंदरातून एकटाच निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी शर्यत होती ती. अटलांटिकमध्येच नौका गळू लागली. त्याने पाण्याखाली बुडी मारून फटींत कापूस ठासला. पुढे रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ पोचेतो वाऱ्याच्या अंदाजाने सुकाणू सांभाळणारं यंत्रही मोडलं. पुढे अर्धं जग उरलेलं, आणि सुकाणू धरायला एकच माणूस. तो झोपणार कधी?

इथे मला थांबावंसं वाटतं. त्याने शिडं कमी-जास्त केली, दोर ताणले, सैल केले, आणि नौकेचा तोल शोधला. तो सापडल्यावर सुकाणू सोडलं तरी सुहेली आपली वाट धरून राहू लागली. तो झोपे, ती चालत राही. ज्या लांब कण्यामुळे ती वळायला जड होती, त्याच कण्यामुळे ती भरकटत नव्हती. केप हॉर्नला तिने जानेवारी 1969मध्ये अशीच बगल दिली.

312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ती फॅलमथला परतली. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी सात-साडेसात किलोमीटर पडतो. घाटाच्या पायथ्याशी सपाटीवर झपझप चालणारा माणूस याहून फार मागे राहत नाही. शर्यतीत नऊ जण उतरले होते. पोचला हा एकटाच.

माणसांकडे पाहतानाही मी हल्ली हेच पाहते. कुणाचा वेग किती, हे चटकन दिसतं. कुणी धरलेलं नसताना ती कुठे जातात, हे कळायला वेळ लागतो. मुलांच्या बाबतीत तर फारच.

चांगली घडण म्हणजे अभय नव्हे, हेही खरं. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात सुहेलीच्याच आराखड्यावर थुरिया ही नौका बांधली गेली. 2018मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, ती हाकणारे अभिलाष टॉमी पाठीला जबर मार लागून अडकून पडले आणि फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. समुद्र आराखडा विचारत नाही. म्हणून आराखड्याचं मोल कमी होत नाही.

सुहेलीची पुढे डागडुजी झाली. प्रस्थानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, जून 2018मध्ये, ती पुन्हा शिडं उभारून फॅलमथच्या पाण्यात होती. अंग तेच, मुंबईत तासलेल्या सागवानाचं.